चोराआधी पाणी

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज स्फोटाने उडाले. त्यावर दारूगोळा होता, कापूस होता आणि सोन्याच्या विटाही होत्या. आसपासची गोदामे आणि वस्ती जळून खाक झाली. सोने मात्र संपले नाही. गोदीतला गाळ उपसताना १९७० च्या दशकातही त्यातल्या विटा हाती लागल्या. सोने आगीत वितळले तरी सोनेच राहते आणि गाळात रुतले तरी त्याचे मोल उतरत नाही. कागदाला ही सोय नाही. तरीही आपल्या घरात कुलूप आधी लागते ते दागिन्यांना. खरेदीखत कपाटाच्या तळाशी, साड्यांच्या खाली.

अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला कुलपांचा कारखाना काढला आणि १९०२ मध्ये पहिली तिजोरी बनवली. पुढे लोखंडी कपाटे आली आणि चोरकप्प्यात ठेवलेली वस्तू सुरक्षित, ही समजूत घरोघर रुजली. पण कपाट म्हणजे पत्र्याचा एकेरी थर. तो भुरट्या चोराला थोडा वेळ अडवतो, आगीला अडवत नाही. आग सोसणाऱ्या तिजोरीच्या दुहेरी भिंतींत तापल्यावर ओलावा सोडणारे मिश्रण भरलेले असते. बाहेर भडका असला तरी ठरावीक वेळ आतले तापमान १७७ अंश सेल्सिअसच्या खाली राहावे, ही कागदासाठीच्या तिजोरीची कसोटी. पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कसाठी हीच मर्यादा जेमतेम ५२ अंशांची. म्हणजे ज्या तिजोरीत कागद वाचतो, तिथे पेन ड्राइव्ह निकामी होऊ शकतो. शिवाय त्या मिश्रणामुळे एरवीही आत दमट राहते, म्हणून अशी तिजोरी अधूनमधून उघडून वारा द्यावा लागतो. आणि छोटी तिजोरी भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने जखडली नसेल, तर चोर ती फोडत बसत नाही, उचलूनच नेतो.

आपले पूर्वज कागद कसे सांभाळत? जुन्नरचा किंवा दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद, काजळीची शाई, बोरूने लिहिलेली मोडी आणि वर सुती रुमालात बांधलेला गठ्ठा. काजळीची शाई उजेडाने उडत नाही, सुती कापडातून हवा खेळते आणि उंचावर ठेवलेल्या गठ्ठ्याला जमिनीची ओल लागत नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले ते अशाच दप्तरांच्या शोधात. १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. त्यातले कितीतरी कागद शे-दोनशे वर्षे टिकले होते, ते कुणा घरमालकाच्या माळ्यावर.

आज आपण नेमके उलटे करतो. मूळ दस्त लॅमिनेट करतो. तो गरम डिंक पुन्हा निघत नाही, आतली ओल कोंडते आणि मागच्या बाजूचे शिक्के तपासणेही कठीण होते. एटीएमच्या पावतीसारखे उष्णतेने छापलेले कागद तर आपोआपच कोरे होतात. त्यांची झेरॉक्स वेळीच काढावी.

खरा शत्रू पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडाले. पुराचे पाणी कुलूप बघत नाही, ते खालच्या कप्प्यापासून वर चढते. भिजलेला गठ्ठा हाती आला तर पाने ओढून सुटी करू नयेत आणि उन्हात टाकू नयेत. मध्ये टीपकागद घालून पंख्याखाली सुकवावीत. साधारण दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात जमणार नसेल तर गठ्ठा पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावा आणि सवडीने थोडाथोडा काढून सुकवावा.

कोणता कागद किती जपावा, हे तो पुन्हा मिळतो का यावर ठरवावे. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळतो, डिजिलॉकरमधला वाहन परवाना मुळाइतकाच ग्राह्य असतो. नोंदणीकृत खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते. पण बँक कर्जासाठी मूळ दस्त मागते आणि तो हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस हे सगळे मागे लागते. सोसायटीच्या भागदाखल्याचेही तसेच. सर्वांत दुर्मीळ असतो तो आजोबांचा शाळेचा दाखला. जात पडताळणीत इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, तर अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा ट्रंकांच्या तळाशी पडलेल्या मोडी कागदांना आणि ते वाचणाऱ्यांना एकदम किंमत आली.

बँकेचा लॉकर हाही रामबाण उपाय नव्हे. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच आहे. भाडे ३ हजार असेल तर ३ लाख. भूकंप-पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा निष्काळजीपणा नसेल तर, तेवढीही नाही. मृत्युपत्र लॉकरमध्ये ठेवू नये; मालक गेल्यावर लॉकर उघडायलाच सोपस्कार लागतात. नोंदणी कायदा, १९०८ नुसार मृत्युपत्र सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते. ही सोय फार थोड्यांना ठाऊक आहे.

लक्ष्मीपूजनाला तिजोरी उघडाल, तेव्हा एवढे कराच: मूळ दस्त वरच्या कप्प्यात हलवा, सगळ्यांचे स्कॅन दुसऱ्या गावातल्या नातलगाकडे ठेवा, लॉकरला नॉमिनी नेमा आणि कोणता कागद कुठे आहे याची एक पानी यादी करून घरातल्या दोघांना दाखवा. घरच्यांना जागा माहीत नसेल, तर कुलपात जपलेला कागदही हरवल्यातच जमा.