कालवडीची कांडी

पहाटे साडेपाच. "डॉक्टर, कालवड रात्रभर हंबरतीये, चाऱ्याला तोंड लावत नाही." मी डॉक्टर नाही, कृत्रिम रेतन सेवक. पण संगमनेरच्या या दूधपट्ट्यात नत्राचं पात्र मोटारसायकलला बांधून फिरणाऱ्या प्रत्येकाला लोक डॉक्टरच म्हणतात. मी एवढंच विचारतो : दुसरी गाय अंगावर चढली की उभी राहते का, आणि कधीपासून? "काल संध्याकाळपासून." म्हणजे आज सकाळीच भरवायची.

सात. पहिलटकर कालवड, अंगानं भरलेली, सोट काचेसारखी स्वच्छ. सॉर्टेड कांडी, म्हणजे मादी जन्माला घालणारे शुक्रजंतू वेगळे काढून भरलेली वीर्यकांडी, अशाच जनावराला द्यावी. उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रातून पाव मिलिलिटरची कांडी चिमट्यानं उचलायची, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, कोरडी पुसून गनमध्ये भरायची. साध्या कांडीत दोनेक कोटी शुक्रजंतू असतात, हिच्यात साधारण २० लाख. हात थरथरला, पाणी गार पडलं, तर सांभाळून घ्यायला मागे कुणी नाही.

साडेआठ, दूध संकलन केंद्र. किटली हातात घेऊन एक काका विचारतात, "कालवडीचं बी वेगळं काढतात तरी कसं?" मादी जन्माला घालणाऱ्या एक्स शुक्रजंतूत वायपेक्षा सुमारे ३.८ टक्के डीएनए जास्त. रंग चढवून लेझरसमोरून एकेक जंतू सोडला की एक्स जास्त चमकतो. मग नर-मादी वेगळे करता येतात. अमेरिकेत लॉरेन्स जॉन्सन यांच्या चमूनं १९८९ मध्ये या पद्धतीनं सशांची पिल्लं जन्माला आणली. आता सांगलीच्या भिलवडीतही ही वर्गवारी होते, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमला देशी तंत्रज्ञानाचं उद्घाटन झालं. काकांना एवढं कळलं, पण त्यांचा खरा प्रश्न दराचा होता.

अकराला पात्रात पट्टी घालून नत्र मोजलं, भरून घेतलं.

बारा. ज्या गोठ्यात जायला पाय उचलत नाही, तो गोठा. मालक न बोलता दावणीकडे बोट दाखवतात : गोऱ्हा. कांडी देतानाच सांगितलं होतं, शंभरात नव्वद कालवडी. पण दहातला एक ज्याच्या दारात येतो, त्याला टक्केवारी सांगून उपयोग नसतो. त्यांचा राग मला पटतो. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नाही, जू नीट बसत नाही. नांगरट ट्रॅक्टरनं होते. २०१५ च्या कायद्यानंतर बैलाच्या कत्तलीवरही बंदी. दूध पाजायचं, चारा घालायचा, आणि विकायला गिऱ्हाईक नाही. यातले बरेच गोऱ्हे शेवटी रस्त्यावर दिसतात. सॉर्टेड कांडीचा हट्ट इथून येतो.

तीन. चारदा भरवूनही उलटलेली गाय. "तीच महागाची कांडी घाला." मी नकार दिला. साध्या कांडीपेक्षा हिचा गाभण राहण्याचा दर कमीच. आधी गर्भाशय तपासून घ्या, खनिज मिश्रण सुरू करा.

सात. कानातल्या बिल्ल्याचे १२ आकडे आणि वळूचा क्रमांक ॲपमध्ये भरले.

गोठेवाल्यांना एक विनंती : माज दिसल्याची वेळ भिंतीवर खडूनं लिहून ठेवा, विसाव्या-एकविसाव्या दिवशी पुन्हा नजर ठेवा, आणि तीन महिन्यांनी गाभण तपासणी चुकवू नका.