भिवंडीत कसलं आलंय ग्रॅव्हल!

"ते सगळं फ्रान्समध्ये ठीक आहे हो. आपल्या भिवंडीत काय आहे? गोदामं, कंटेनर आणि खड्डे."

सायकलवाल्यांच्या कुठल्याही ग्रुपवर हे वाक्य अधूनमधून पडतंच. आधी कोणीतरी एक रील टाकतो. द्राक्षमळे, दगडी चर्च, मधून जाणारा पांढुरका रस्ता आणि धूळ उडवत चाललेले चार सायकलस्वार. मग हळहळ, मग विमानाच्या तिकिटाची चौकशी, आणि शेवटी वरचं वाक्य. लिहिणारा राहतो भिवंडीतल्या टेमघरला आणि सायकल काढली की कल्याण रोड पकडतो. त्याला खड्डे आणि कंटेनरच दिसणार, दुसरं काय दिसणार? त्या रस्त्यावरून तो कधी आत वळलेलाच नाही.

तर शांतपणे, मुळापासून सांगतो. डांबर किंवा काँक्रीट पडलेलं नाही, पण चाक रुतणार नाही इतका घट्ट आहे, अशा रस्त्याने लांबचा पल्ला मारणं म्हणजे ग्रॅव्हल सायकलिंग. डोंगरातल्या पायवाटेवरून उड्या मारत उतरणं हा माउंटन बाइकचा प्रांत, तो वेगळा. इथे लागतो मुरमाचा रस्ता, खडीकरण होऊन डांबराची वाट बघत राहिलेला रस्ता, पाड्यांना जोडणारा कच्चा रस्ता, शेतांमधली गाडीवाट. यातलं नेमकं काय भिवंडी तालुक्यात नाही, ते मला कोणीतरी सांगा.

आता फ्रान्सकडे वळू, कारण त्याशिवाय मंडळींचं समाधान होत नाही. २०२४ च्या 'टूर द फ्रान्स'चा नववा टप्पा ७ जुलैला शँपेन भागातल्या त्र्वा शहरातून निघाला आणि तिथेच परत आला. त्यात कच्च्या रस्त्याचे १४ तुकडे होते, मिळून सुमारे ३२ किलोमीटर. जगातले सगळ्यात भारी सायकलपटू, सगळ्यात भारी सायकली, आणि तरी चढावरच्या सैल खडीत काहींना उतरून सायकल ढकलावी लागली. हे रस्ते सायकलसाठी बांधलेलेच नाहीत. मळ्यात ट्रॅक्टर न्यायला केलेल्या वाटा आहेत त्या. रीलमध्ये हमखास दिसणारा दुसरा रस्ता 'कनाल दु मिदी' या कालव्याकाठचा. कालवा १६८१ साली पुरा झाला, लांबी २४० किलोमीटर, युनेस्कोच्या यादीत नाव. त्याच्या काठची वाट नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती, आणि आजही तिचे बरेच तुकडे मातीचे, झाडांच्या मुळांनी उचकटलेले आहेत. ड्रोन वरून फिरतो, त्याला हादरे बसत नाहीत.

आणि रस्त्याच्या पोताचंच म्हणाल, तर तिथली खडी आणि आपली खडी एकाच घराण्यातली. मोठा दगड खाली, बारीक दगड वर, पाणी निथळायला मधे फुगीर, अशा थरांच्या रस्त्याची पद्धत अठराव्या शतकात पिएर त्रेसागे या फ्रेंच अभियंत्याने लिमूझँ प्रांतात बसवली. पुढे ब्रिटनमध्ये मॅकॅडमने खालचे मोठे दगड काढून टाकले आणि बारीक फोडलेल्या खडीवर भर दिला. आपल्या बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकात 'डब्ल्यूबीएम' म्हणून जी ओळ असते, त्यातला एम म्हणजे हाच मॅकॅडम. खडी पसरायची, रोलर फिरवायचा, फटींत मुरूम भरायचा, पाणी मारायचं, पुन्हा रोलर. असा रस्ता ताजा असेल आणि मुरूम जागेवर असेल, तर त्यावरून चाक सरसर जातं. दोन पावसाळ्यांत मुरूम वाहून गेला की मुठीएवढी खडी उघडी पडते आणि मनगटं बोंबलायला लागतात. तेव्हा आतल्या रस्त्याला निघण्याआधी गावात विचारायचा प्रश्न "रस्ता चांगला आहे का" हा नाही, "मुरूम कधी टाकला" हा आहे.

पण खरी चीड मला येते ती 'ऐतिहासिक' या शब्दावर. तिथे म्हणे प्रत्येक वळणावर इतिहास. टेमघरहून राजनोली नाका ओलांडा, सोनाळ्याकडून आत शिरा. आठ-दहा किलोमीटरवर लोनाड लागतं. टेकडीत बौद्ध लेणं आहे, गावकऱ्यांसाठी ते खांडेश्वरी देवीचं ठाणं. आत भिंतीवर राजपरिवाराचा मोठा शिल्पपट आहे. दगड झिजलाय, पण सकाळचं तिरपं ऊन पडलं की आकृत्या उठून दिसतात. गावात शिलाहारकालीन शिवमंदिराचे अवशेष आहेत. इथला एक शिलालेख शके ११०६ चा, शिलाहार राजा अपरादित्याच्या काळातला. शेजारच्या चौधरपाड्याचा दुसरा शके ११६१ चा, म्हणजे इ.स. १२४० च्या आसपासचा, त्याच घराण्यातल्या केशिदेवाचा. ब्रह्मपुरी नावाचं गाव सोमन या कवीला दान दिल्याची नोंद त्यात आहे. (कवीला अख्खं गाव! आता कवीला मानधनाचा चेक वेळेवर मिळाला तरी बातमी होते.) हे मी मनाचं सांगत नाही. वा. वि. मिराशींनी शिलाहारांचे सगळे लेख संपादित करून १९७७ साली छापलेत, ज्याला शंका असेल त्याने उघडून बघावं. लोनाडची माहिती तर १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्येही आहे. ज्या चौधरपाड्यावरून हे लोक गाडीने 'गोदामं आहेत नुसती' म्हणत जातात, तिथे सातशे ऐंशी वर्षांपूर्वीची जमिनीची नोंद दगडात कोरलेली सापडली आहे.

दुसऱ्या दिशेला वाडा रस्त्याने गेलात तर दुगाड. इथे डिसेंबर १७८० मध्ये मराठे आणि इंग्रज यांची लढाई झाली. वसईला चाललेली मराठ्यांची मदत इंग्रज सेनानी हार्टलीच्या फौजेने इथे अडवली आणि मराठ्यांचे सरदार रामचंद्र गणेश धारातीर्थी पडले. मागे गुमतारा किल्ला उभा आहे. थोडं पुढे अंबाडी, मग वज्रेश्वरी. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी या देवीला नवस बोलला आणि १७३९ ला वसई सर झाल्यावर फेडला, अशी परंपरा आहे. तानसा नदीकाठी अकलोलीची आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं. चाळीस किलोमीटर सायकल मारून आल्यावर त्यात पाय सोडून बसण्यासारखं सुख नाही, हे मात्र कुठल्याही गॅझेटियरमध्ये नाही. अंजूर तर अगदी अलीकडे, वसई मोहिमेतले गंगाजी नाईक तिथलेच. एवढं सगळं एका तालुक्यात आहे.

तक्रारीत खरं किती? खरं आहे ते असं. टेमघर ते राजनोली हा तुकडा वाईटच आहे: धूळ, उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी, आणि कंटेनर रात्रीही थांबत नाहीत, त्यामुळे 'पहाटे लवकर निघा' या सल्ल्याने तो सुटत नाही. तो तुकडा सोसायचाच, मागचा लाल दिवा चालू ठेवून आणि डावी कड धरून. गोदामांच्या पट्ट्यात काही गाडीवाटा गेल्याही. कुंपण पडलं, वाट संपली. म्हणूनच नकाशावरची रेघ खरी मानू नका, कंपाउंडच्या भिंतीशी जाऊन उभे राहाल.

आता दुसरा मोठा गैरसमज, हवेचा. "टायर पातळ, हवा टम्म, म्हणजे सायकल पळते." गुळगुळीत डांबरावर यात थोडं तथ्य आहे. खडीवर उलटं होतं. दगडासारखं टणक टायर प्रत्येक खड्यावर उडतं, आणि सायकलसकट तुम्हाला वर उचलण्यात तुमच्याच पायांची ताकद जाते. मऊ टायर तो खडा पोटात घेऊन पुढे जातं. सत्तर किलोच्या माणसाला, चाळीस मिलिमीटर रुंद ट्यूबवाल्या टायरला, चाळीसच्या आसपास पीएसआय पुरे. फार कमीही नको, नाहीतर ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. पण नाक्यावर कंप्रेसरची नळी लावली की ऐंशी मारल्याशिवाय पोरगा सोडत नाही, आणि वर टिचकी मारून दाखवतो, "बघा साहेब, दगड!" दगडच नकोय रे बाबा, रस्त्यावर आहेत तेवढे बास.

याच गैरसमजाचं भावंड: "त्याला लाखाची सायकल लागते." दूधवाल्याची, पोस्टमनची ती काळी उभी सायकल आठवा. तिच्या टायरच्या कडेवर २८ × १½ असं लिहिलेलं असतं, आणि नवीन पद्धतीच्या मापात ४०-६३५. पहिला आकडा रुंदीचा, चाळीस मिलिमीटर. आज ग्रॅव्हल सायकलच्या दुकानात मिरवतात ती हीच रुंदी. त्या सायकलवर चाळीस लिटरचे कॅन लटकवून माणसं याच वाटांनी आयुष्यभर फिरली. गिअर नव्हते आणि वजन बेफाट होतं हे मान्य, नवी सायकल चढाला सोपी जाते हेही मान्य. पण सुरुवातीला घरातली हायब्रिड सायकल आणि तिच्यात बसेल तेवढं रुंद टायर इतकं पुष्कळ आहे.

बाकीचे किरकोळ.

"पाइपलाइनचा रस्ता आहे की, मोकळाच असतो." मोकळा दिसतो, सार्वजनिक नाही. मुंबईला पाणी नेणाऱ्या जलवाहिन्या या तालुक्यातून जातात, पिसे-पांजरापूरचं उदंचन आणि शुद्धीकरणही इथलंच, आणि त्यांच्या कडेचा रस्ता महापालिकेच्या देखभालीसाठी आहे. रखवालदाराने अडवलं तर वाद घालू नका. तानसा अभयारण्यात शिरायचं तर वनखात्याची परवानगी लागते.

"पावसाळ्यात खरी मजा." डांबरावर असेल. मुरमाच्या खालची काळी माती भिजली की चाक आणि चिमटा यांच्यामध्ये चिकटून बसते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. शिवाय भात लागलेला असतो, आणि बांधावरून सायकल घातलीत तर शेतकरी दादा जे बोलतील ते योग्यच असेल. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

"खेड्यात पाणी कुठेही मिळतं." मिळतं, पण दुपारी बाराला दार कोण उघडणार? दोन बाटल्या घरून भरून घ्या. टेमघरकरांना तरी हे सांगायला नको. उल्हास नदीचं पाणी शहाडला उचलून टेमघरला शुद्ध करणारी 'स्टेम' (शहाड-टेमघर) ही कंपनी तर या गावाचं नाव घेऊनच फिरते.

"हेल्मेट हायवेला, आत कशाला?" सैल खडीत पुढचं चाक कधी सरकलं ते कळतही नाही.

"कुत्रं मागे लागलं की जोरात पळवायची." चढावर कुत्रं जिंकतं. उतरा, सायकल आडवी धरा, शांत चालत राहा, बहुतेक वेळा त्याचा उत्साह तिथेच संपतो. तरी चावलंच तर कोणी चुना लावेल, कोणी मिरचीपूड सुचवेल. दोन्ही नको. जागतिक आरोग्य संघटना सांगते त्याप्रमाणे जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करायची. ओरखडा असला तरी. सायकल नंतर धुता येते.