गोळ्या सुरू झाल्या आणि सांधे धरले!

क्षयाच्या गोळ्या सुरू होऊन तीन-चार आठवडे होतात. खोकला कमी होतो, जेवण जाऊ लागते, आणि मध्येच गुडघे, खांदे, बोटांची पेरे दुखू लागतात. मग घरातले कोणी म्हणते, “औषध उष्ण पडलं, चार दिवस बंद ठेवा.” वाचकहो, ते चार दिवस फार महाग पडू शकतात.

हे दुखणे येते कोठून? शरीराच्या रोजच्या झिजेतून आणि अन्नातून युरिक अ‍ॅसिड तयार होते. त्यातले बरेचसे लघवीवाटे निघून जाते. शेतातला चर बुजला की पाणी तुंबते, तसे मूत्रपिंडाची वाट अडली की हे आम्ल रक्तात साचते. क्षयाच्या औषधांतले पायराझिनामाइड नेमकी हीच वाट अडवते. इथॅम्बुटॉलही थोडी अडवते.

पण पायराझिनामाइड आहे मोठे गुणी! दबा धरून बसलेले जंतू ते मारते. त्याच्यामुळेच नऊ महिन्यांचा उपचार सहा महिन्यांवर आला. साध्या क्षयात ते पहिले दोन महिनेच असते. युरिक अ‍ॅसिड बहुतेकांचे चढते, सांधे मात्र थोड्यांचेच दुखतात. डॉक्टर त्यावर वेदनाशामक देतात, आणि हे औषध संपले की दुखणेही ओसरते. उलट गोळ्या मनाने सोडल्या, तर उरलेले जंतू पुढे औषधाला दाद देईनासे होतात.

मात्र पूर्वी कधी पायाचा अंगठा रात्रीतून लाल होऊन सुजला असेल, तर ते आधीच सांगा. डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर ती गोष्ट निराळी. ते यकृताचे दुखणे असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळी (हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन) आणि हृदयासाठीची रोजची लहान अ‍ॅस्पिरिन यांनीही युरिक अ‍ॅसिड वाढते. लोसार्टन ही रक्तदाबाचीच गोळी ते थोडे उतरवते. म्हणून बदल करायचा तर डॉक्टरच करतील. अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने सोडणे हृदयाला धोक्याचे. दारूने तर युरिक अ‍ॅसिड चढतेच, शिवाय क्षयाच्या गोळ्यांबरोबर ती यकृतालाही बाधते.

दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या, शेजाऱ्याने दिलेलीसुद्धा.