पांढऱ्या चेंडूचा मुक्काम

कॅरम खेळताना एक सोंगटी भोकात गेली, की आपण स्ट्रायकर उचलतो, आपल्या रेषेवर सोयीच्या जागी ठेवतो आणि दुसऱ्या सोंगटीवर नेम धरतो. मागच्या फटक्यानंतर स्ट्रायकर कोठे जाऊन थांबला, याची चिंता आपल्याला करावी लागत नाही. पण समजा, तो उचलण्याची मुभाच नसती आणि जेथे थांबला तेथूनच पुढचा फटका मारावा लागला असता, तर? मग सोंगटी घालवण्याइतकेच स्ट्रायकरच्या मुक्कामालाही महत्त्व आले असते. अमेरिकेत वाढलेल्या ‘पूल’ या खेळाचे मर्म नेमके हेच आहे.

पूलचे मोठे टेबल सुमारे ९ फूट लांब व ४.५ फूट रुंद असते. त्यावर कापड ताणून बसवलेले असते, कडांना रबरी गाद्या असतात आणि चार कोपऱ्यांत चार व लांब बाजूंच्या मध्यावर दोन असे सहा खिसे असतात. ‘क्यू’ नावाच्या निमुळत्या काठीने खेळाडू पांढरा चेंडू टोलतो व त्याच्याकरवी रंगीत चेंडू खिशात घालतो. ‘नाइन बॉल’ या प्रकारात टेबलावरील सर्वांत लहान आकड्याच्या चेंडूलाच पांढऱ्या चेंडूने प्रथम स्पर्श करावा लागतो. पहिला चेंडू अचूक घातला, पण पांढरा चेंडू भलत्याच चेंडूआड जाऊन बसला, तर त्या अचूकपणाचा उपयोग काय? पुढचा नेम हुकतो आणि पाळी प्रतिस्पर्ध्याकडे जाते.

पांढऱ्या चेंडूला हव्या त्या जागी थांबवावयाचे कसे? याचे उत्तर क्यूचे टोक चेंडूला कोठे लागते, यात आहे. बरोबर मध्यावर टोला बसला, तर चेंडू प्रथम न फिरता कापडावरून घसरत जातो. अशा स्थितीत तो समोरच्या चेंडूवर सरळ आदळला, तर आपली सारी गती त्याला देऊन स्वतः जागच्या जागी थांबतो. कारण दोन्ही चेंडूंचे वजन जवळजवळ सारखे असते. टोला मध्याच्या वर बसला, तर चेंडू पुढच्या दिशेने फिरत जातो आणि टक्कर झाल्यावरही पुढे सरकतो. टोला मध्याच्या खाली बसला, तर त्याला उलटी फिरकी मिळते व टकरीनंतर तो मागे परततो.

येथे अंतराचाही विचार करावा लागतो. कापडाच्या घर्षणाने घसरता चेंडू हळूहळू गडगडू लागतो. म्हणून जवळच्या चेंडूवर थांबणारा तोच टोला दूरच्या चेंडूवर थांबत नाही. तेथे टोला अधिक खाली किंवा अधिक जोराने मारावा लागतो. टक्कर सरळ न होता तिरपी झाली, तर घसरत आलेला पांढरा चेंडू रंगीत चेंडूच्या मार्गाशी जवळजवळ काटकोन करून निघून जातो. हा काटकोन ओळखता आला, की चेंडू कोठे जाईल हे टोल्यापूर्वीच मनाशी आखता येते.

हे ज्ञान हातात उतरावयाचे, तर सराव हवा. आरंभी टेबलावर पांढरा चेंडू एकटाच ठेवावा. तो समोरच्या गादीवर आपटून परत आपल्याजवळच्या गादीपाशी थांबेल, इतकाच जोर पुनःपुन्हा लावून पाहावा. त्यानंतर एक रंगीत चेंडू वीतभर अंतरावर ठेवून पांढरा चेंडू जागीच थांबवण्याचा अभ्यास करावा आणि अंतर क्रमाक्रमाने वाढवावे. पुढे कापडावर वहीच्या पानाएवढा कागद ठेवावा. रंगीत चेंडू खिशात गेला पाहिजे आणि पांढरा चेंडू त्या कागदावर थांबला पाहिजे. दहांपैकी आठ वेळा हे साधले, की कागदाची घडी घालून तो निम्मा करावा. शेवटी तीन चेंडू मांडून, पहिला टोला मारण्यापूर्वीच तिन्ही मुक्काम ठरवावेत.

या कौशल्याने काय साधते, हे विली मोस्कोनी या अमेरिकन खेळाडूने १९५४ साली दाखवून दिले. ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे एका प्रदर्शनीय खेळात त्याने न चुकता ओळीने ५२६ चेंडू खिशात घातले. हा उच्चांक २०१९ साली जॉन श्मिट याने ६२६ चेंडू घालून मागे टाकला. शेकडो अवघड नेम साधून असे आकडे उभे राहत नाहीत. पुढचा नेम अवघड होऊच न देणे, हीच खरी त्यामागची विद्या होय. पूलच्या बिलियर्ड्स या भावंडातही चेंडूंच्या मुक्कामाचे असेच महत्त्व आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी त्या खेळात १९५८ व १९६४ साली हौशी खेळाडूंचे जागतिक विजेतेपद मिळवले.

खिशात पडणाऱ्या रंगीत चेंडूवर प्रेक्षक टाळ्या वाजवतात. जाणत्याची दृष्टी मात्र त्या वेळी पांढऱ्या चेंडूवर खिळलेली असते; कारण झालेल्या कामाचा गौरव रंगीत चेंडूपाशी असला, तरी पुढच्या कामाची सोय पांढऱ्या चेंडूपाशी असते.