दोन राज्यांचा उंबरठा

नागपूरहून चंद्रपूर, पुढे राजुरा, गडचांदूर आणि मग माणिकगडच्या डोंगरात चढत जाणारा रस्ता जिवतीला पोचतो. त्याच्याही पलीकडे, महाराष्ट्राचा नकाशा जिथे संपतो, तिथे महाराजगुडा हे छोटेसे गाव आहे. ‘संपतो’ म्हणणेही धाडसाचेच! परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर यांच्यासह इथली चौदा गावे महाराष्ट्र आणि तेलंगण ही दोन्ही राज्ये आपलीच म्हणतात. २०२२ च्या डिसेंबरात महाराजगुड्यातल्या एका घराची बातमी गाजली होती. स्वयंपाकघर तेलंगणात, निजायची खोली महाराष्ट्रात. आपण हसलो आणि पान उलटले.

राजुरा तालुका मूळचा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला, आदिलाबाद जिल्ह्याचा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. कागदावर सरळ वाटणारी रेघ डोंगरात मात्र गावांच्या मधूनच गेली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि १९९७ मध्ये महाराष्ट्राचा हक्क मान्य झाला. तरी आंध्र प्रदेशाने आणि २०१४ नंतर तेलंगणाने तिथला कारभार सोडला नाही.

म्हणून इथे सगळे जोडीने. मराठी शाळा आणि तेलुगू शाळा, दोन सरपंच, दोन रेशनकार्डे, दोन मतदार ओळखपत्रे. वास्तविक कायद्याने माणसाचे नाव एकाच मतदारसंघात हवे. २०१९ मध्ये चंद्रपूर आणि आदिलाबाद दोन्हीकडे ११ एप्रिललाच लोकसभेचे मतदान होते. २०२४ मध्ये मात्र इकडे १९ एप्रिल, तिकडे १३ मे. मराठी, तेलुगू, गोंडी, बंजाऱ्यांची गोरमाटी, एवढ्या बोली इथे शेजारी शेजारी नांदतात. भाषेवरून भांडायला इथल्या माणसाला सवड नाही.

त्याचे भांडण जमिनीशी आहे. माझी सारी नोकरी बँकेत गेली. शेतकरी समोर बसला की पहिला प्रश्न ठरलेला, सातबारा आणलात का? या गावांत अनेकांची वहिवाट वनजमिनीवर आहे, हाती पट्टा नाही. दोन सरकारांचे धान्य मिळते, पण बँकेत नेऊन दाखवावा असा कागद नाही.

आणि खरी मेख पुढेच आहे. जिवतीच्या डोंगरावर बंजारा कुटुंबे बरीच. मराठवाड्यातल्या १९७२ च्या दुष्काळानंतर आलेली माणसेही पुष्कळ. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरते. इतरांना त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. आता बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो, तर तेलंगणाच्या भागात १९७६ च्या कायद्याने अनुसूचित जमातींत. (त्यावरून २०१७ मध्ये आदिलाबादेतल्या गोंडांनी मोठे आंदोलन केले होते.) म्हणजे एकाच तांड्यावरचा, एकाच वावरात नांगर धरणारा माणूस रेघेच्या त्या बाजूला आदिवासी आणि या बाजूला बिगरआदिवासी.

ही चौदा गावे पूर्णपणे चंद्रपूर जिल्ह्यात घेण्याची हालचाल महाराष्ट्राने २०२५ मध्ये पुन्हा सुरू केली. मराठी माणूस म्हणून मला त्याचा आनंदच आहे. पण बँकेतली सवय जात नाही. गाव इकडे आले की त्या बंजारा शेतकऱ्याकडे १९३० चा पुरावा मागितला जाणार. तो त्याने आणायचा कोठून, हे नकाशावर रेघ ओढण्याआधी मंत्रालयात कोणी तरी त्याला सांगायला हवे.