आभासी उपकरण काढायला सहा सेकंद का लागतात?

मागच्या भागात चालू मशीनला नवे उपकरण कसे जोडतात ते पाहिले. आज त्याच्या उलट, चालू मशीनमधून उपकरण काढणे, म्हणजे हॉट अनप्लग. आणि तेही आभासी मशीनमधून, जिथे डिस्क आणि नेटवर्क कार्ड हाताला लागतच नाहीत, सगळे सॉफ्टवेअरच असते. (कर्नेल हा शब्द आज वारंवार येईल. तो ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. आमचे कर्नलसाहेब वेगळे.)

जोडणे सोपे, काढणे अवघड. जोडताना त्या उपकरणाला अजून कोणी ओळखत नसते. काढताना मात्र कोणी त्यातून वाचत असतो, कोणी लिहीत असतो, कोणाकडे त्याचा पत्ता असतो. आणि वेळ महत्त्वाचा आहे. डिस्क एका मशीनवरून सोडवून दुसऱ्यावर न्यायची असेल, तर पहिले सोडेपर्यंत दुसरे हात बांधून बसते. तेवढा वेळ ग्राहकाची सेवा बंद.

आता गंमत बघा. या वेळातला खरा कामाचा भाग फार थोडा असतो, बाकी सगळे थांबणे. म्हणून वेग वाढवायचा तर आधी विचारायचे: हे थांबणे कोणासाठी?

खऱ्या सर्व्हरमध्ये पीसीआय एक्स्प्रेस खाचेजवळ एक बटण असते, अटेन्शन बटण. कार्ड काढायचे असेल तर ते दाबायचे. दिवा ५ सेकंद लुकलुकतो. तेवढ्यात पुन्हा दाबले तर बेत रद्द. चुकीच्या खाचेचे बटण दाबणाऱ्या माणसासाठी ही सोय आहे आणि ती शहाणपणाची आहे. त्यानंतर वीज तोडली जाते आणि लिनक्सचा ड्रायव्हर आणखी १ सेकंद थांबतो, वीज खरोखर उतरावी म्हणून.

क्यूईएमयू या प्रणालीने आभासी मशीन बनवताना ही खाच जशीच्या तशी उतरवली, बटणासकट! बाहेरून 'उपकरण काढा' असे सांगितले की ती आभासी बटण दाबते. आतला लिनक्स ५ सेकंद वाट पाहतो, कोणी मन बदलेल म्हणून. मन बदलणारा तिथे कोणी नसतो. मग नसलेली वीज उतरायला १ सेकंद. झाले सहा. दोन्ही प्रतीक्षा अशा कारणांसाठी, जी या मशीनमध्ये अस्तित्वातच नाहीत.

हा वेळ बिनधास्त कापावा, आणि तसे झालेही. २०२१ मध्ये क्यूईएमयू ६.१ ने क्यू-३५ प्रकारच्या मशीनसाठी एसीपीआयचा मार्ग ठरीव केला. त्यात बटण नाही, दिवा नाही. कर्नेलला निरोप जातो, कर्नेल उपकरण सोडतो आणि तसे कळवतो.

दुसरे थांबणे मात्र खरे आहे. इथे घाई केली तर घात होतो.

मी सिग्नल्समध्ये होतो, पण आमचे इंजिनिअर्स बेली ब्रिज उचलताना अनेकदा पाहिले आहेत. आधी अलीकडच्या चौकीला हुकूम जातो, नवी गाडी पुलावर सोडायची नाही. पण जी आधीच पुलावर आहे तिचे काय? ती पलीकडे पोहोचेपर्यंत थांबावेच लागते. किती गाड्या आहेत हे मोजण्याची गरज नाही. हुकमाआधी चढलेली शेवटची गाडी उतरली, एवढे कळले की पुरे.

लिनक्समध्ये २००२ पासून असलेली आरसीयू ही व्यवस्था नेमकी अशी चालते. उपकरण यादीतून काढले की नव्या वाचकाला ते दिसत नाही. जुने वाचक मात्र अजून त्यावर असू शकतात. म्हणून प्रत्येक प्रोसेसर एकदा तरी 'माझ्या हातात जुने काही नाही' अशा स्थितीतून जाईपर्यंत कर्नेल थांबतो, मगच मेमरी मोकळी करतो. आधीच केली तर ती जागा दुसऱ्याला मिळेल आणि जुना वाचक भलत्याच्याच घरात शिरेल. त्यातून मशीन कोसळते किंवा सुरक्षेला भगदाड पडते.

ही प्रतीक्षा काही मिलिसेकंदांची. एका उपकरणाला कळतही नाही. पण कंटेनरच्या जगात आभासी नेटवर्क कार्डे हजारांनी जन्मतात आणि मरतात. समजा प्रतीक्षा २० मिलिसेकंदांची आहे आणि हजार कार्डे एकेक करून काढली, तर झाले २० सेकंद. लिनक्समध्ये नेटवर्कची मांडणी बदलण्यासाठी आरटीएनएल नावाचे एक मोठे कुलूप आहे. ते धरून कोणी थांबला की मागे रांग लागते, आणि त्या रांगेत नवे कार्ड जोडू पाहणाराही असतो.

उपाय दोन. पहिला मला फार आवडतो: प्रतीक्षा कापू नका, वाटून घ्या. हजार कार्डे एकदम यादीतून काढा, सगळ्यांसाठी एकदाच थांबा, मग सगळी मोकळी करा. कर्नेलमध्ये असे घाऊक काढण्याचे वेगळे फंक्शन आहे. दुसरा उपाय म्हणजे तातडीची प्रतीक्षा. प्रोसेसरना टोचणी देऊन विचारायचे, 'मोकळा झालास का?' उत्तर लवकर मिळते, पण सगळ्यांच्या कामात व्यत्यय येतो. आरटीएनएल धरलेले असेल तर लिनक्स हीच वाट घेतो, कारण मागची रांग जास्त महाग पडते.

आणखी एक थांबणे होते, निव्वळ आळसाचे. कार्डावर कोणाचा हक्क उरला आहे का हे पाहून कर्नेल २५० मिलिसेकंद झोपायचा आणि मग पुन्हा पाहायचा. शेवटचा हक्क ३ मिलिसेकंदांत सुटला तरी हा आपला झोपलेला. २०२० मध्ये ते बदलले. आता पहिली झोप १ मिलिसेकंदाची, मग २, मग ४, असे दुपटीने वाढत कमाल २५०. बदल मोजक्या ओळींचा, पण शंभर कार्डे एकामागून एक काढणाऱ्याचे २५ सेकंदांपर्यंत वाचले.

तरीही कधी कधी कर्नेलच्या नोंदवहीत दर १० सेकंदांनी एकच ओळ उमटत राहते: अमुक कार्ड मोकळे होण्याची वाट पाहत आहे, हक्क अजून शिल्लक. अशा वेळी वेग वाढवण्याची कुठलीही युक्ती लावू नका. पुलावर कोणीतरी खरोखर अडकले आहे. हक्क घेऊन परत न करणारा तो कोड शोधा. तो सापडेपर्यंत कर्नेल थांबतो आहे, ते बरोबरच करतो आहे.