तारीख की नुसता मजकूर?

२०२५-२६ च्या पहिलीसाठी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सहा वर्षं पूर्ण हवी होती. माणिकपूरचे पालक जन्मतारीख दिवस-महिना-वर्ष अशी लिहितात. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर एक्सेल महिना आधी धरतं. २५/०८/२०१९ मध्ये पंचविसावा महिना सापडत नाही, मग ती तारीख मजकूर म्हणून डावीकडे चिकटते. आणि एक्सेलच्या लेखी मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा! ३१ डिसेंबर २०१९ शी तुलना केली की पात्र मूलही लहान ठरतं. ०५/११/२०१९ ची मात्र गुपचूप ११ मे होते. ही चूक जास्त वाईट, कारण ती दाखल्यापर्यंत जाते. नोंदी भरण्याआधीच विंडोजचा रीजनल फॉरमॅट 'इंग्लिश, इंडिया' करा. मजकूर झालेल्या तारखा 'टेक्स्ट टू कॉलम्स'मध्ये डीएमवाय निवडून सुधारतात. उलटलेले महिने जन्मदाखला समोर ठेवूनच तपासावे लागतात.